संगनमत आणि संमती : परस्पर संमतीने होणाऱ्या घटस्फोटाचा कायदा

भारतातील विवाहविषयक कायद्यांचा इतिहास चाळताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. पतिपत्नींमधील कलह न्यायालयाला समजत असे. त्यांच्यातील एकमत मात्र त्याला दीर्घकाळ समजत नसे. एकाने दुसऱ्यावर दोषारोप करावा, साक्षीपुरावे आणावेत, आणि दोष सिद्ध झाला म्हणजे विवाहबंधन तुटावे, हा मार्ग कायद्याने आखून दिलेला होता. परंतु दोघांनी आपसांत ठरवून अर्ज आणला आहे असे दिसून आले, तर तो फेटाळण्यास तेवढेच कारण पुरे होई. अशा ठरवाठरवीला कायद्याच्या परिभाषेत 'संगनमत' म्हणतात. चोरांचे असते तेच संगनमत. आज जिला आपण आदराने 'परस्पर संमती' म्हणतो, तिची या शब्दाच्या सावलीतून सुटका होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या प्रवासाचा आरंभ कलकत्त्यात झाला.

मराठी शब्दांचा मागोवाही येथे उपयुक्त ठरतो. 'घटस्फोट' हा मूळचा विवाहाशी निगडित शब्दच नव्हे. पतित झालेल्या माणसाला जातीबाहेर टाकताना, तो मृत झाला असे मानून दासीकडून पाण्याने भरलेला घट लाथेने उलथविण्याचा विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. घटस्फोट तो हा. ज्याला बहिष्कृत करावयाचे त्याला त्यात काही विचारले जात नसे. याउलट 'काडीमोड' आणि 'फारकत' हे लोकव्यवहारातील शब्द होत. महाराष्ट्रातील अनेक जातींत पंचांसमक्ष काडी मोडून नवराबायको मोकळे होत आणि स्त्रीला पुन्हा पाट लावता येई. म्हणजे ज्या समाजाला सुशिक्षितांनी मागासलेला म्हटले, त्याच्याजवळ सामोपचाराची एक रीत होती. ती नव्हती ती उच्चवर्णीयांजवळ. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणारे असे घटस्फोट रद्द केले नाहीत, कलम २९ मध्ये त्यांना जागा ठेवली. मात्र तशी रूढी असल्याचे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर विसंबणाऱ्यानेच उचलावयाचा असतो.

ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी कलकत्ता होती आणि गव्हर्नर-जनरलचे विधिमंडळ तेथेच भरत असे. तेथे १८६९ साली भारतीय घटस्फोट कायदा संमत झाला. तो ख्रिस्ती लोकांसाठी होता आणि त्याच्यावर इंग्लंडमधील कायद्याची दाट छाया होती. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग किंवा असेच आणखी काही दाखवावे लागे. संगनमत आढळल्यास अर्ज फेटाळावा, अशी स्पष्ट आज्ञा त्यात होती. एवढ्यावर भागत नसे. जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंतिम होत नसे. ही तरतूद २००१ पर्यंत टिकून होती, हे वाचून कोणालाही नवल वाटेल.

तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, केशवचंद्र सेन यांच्या अनुयायी ब्राह्मसमाजीयांच्या आग्रहावरून आणि कायदा-सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या पुढाकाराने नोंदणी विवाहाचा कायदा झाला. त्याचा लाभ घेणाऱ्या वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताच धर्म मानीत नाही असे जाहीर करावे लागे. या विवाहांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू करण्यात आला. त्यामुळे बंगालमधील काही थोड्या सुशिक्षित कुटुंबांना विवाह-विसर्जनाचा मार्ग मिळाला खरा, पण तो दोषारोपाचाच. शास्त्रोक्त पद्धतीने विवाह झालेल्या हिंदू स्त्रीला तोही नव्हता. रवींद्रनाथांच्या १९१४ मधील 'स्त्रीर पत्र' या कथेतील मृणाल कलकत्त्याच्या माखन बडाल गल्लीतले सासर सोडून पुरीला जाते आणि तेथून पतीला पत्र लिहिते. पत्र लिहिण्यावाचून तिच्या हाती दुसरे काही नव्हतेच. त्या काळी ती वकिलाकडे गेली असती, तरी तो तिच्यासाठी काय करू शकला असता?

मुंबईतील रखमाबाईंचे प्रकरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. बालपणी झालेला विवाह त्यांनी मानण्यास नकार दिला. १८८७ मध्ये पतीच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला, आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. या खटल्याची चर्चा होते ती येथवर. त्याचा शेवट मात्र न्यायालयात झाला नाही. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पती दादाजी भिकाजी यांनी आपला हक्क सोडला आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कायद्याला जे जमले नाही ते तडजोडीने जमले. तडजोडीची किंमत स्त्रीच्या बाजूने मोजली गेली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. परस्पर संमतीच्या विषयाला चिकटलेली ही शंका आजही पुरती सुटलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा विशेष विवाह कायदा आला आणि त्याच्या कलम २८ मध्ये प्रथमच पतिपत्नींना एकत्र अर्ज करून विवाह विसर्जित करून घेण्याची मुभा मिळाली. परंतु पुढच्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात हे कलम घेतले गेले नाही. परिणाम विचित्र झाला. कलकत्त्यातील एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर नोंदणी पद्धतीने विवाह केलेले जोडपे राहत असेल आणि खालच्या मजल्यावर सप्तपदी झालेले, तर पहिल्याला समजुतीने वेगळे होता येई, दुसऱ्याला नाही. शेजारी मुसलमान कुटुंब असेल तर त्याच्याजवळ 'मुबारात' ही उभयपक्षी संमतीची पद्धत शतकांपासून होती. हिंदूंना ही सोय मिळाली ती १९७६ च्या दुरुस्तीने, कलम १३-ब च्या रूपाने, आणि ती पूर्वी झालेल्या विवाहांनाही लागू करण्यात आली. पारशी कायद्यात ती १९८८ मध्ये आली. ख्रिस्ती समाजाला २००१ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही इतरांना एक वर्ष तर त्यांना दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घालण्यात आली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा भेद घटनाविरोधी ठरविला.

आता कलम १३-ब काय सांगते ते पाहू. पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावा. त्यात तीन गोष्टी म्हणाव्यात : एक वर्ष किंवा अधिक काळ ती विभक्त राहत आहेत; एकत्र राहणे त्यांना शक्य झालेले नाही; आणि विवाह विसर्जित व्हावा यावर त्यांचे एकमत झाले आहे. त्यानंतर सहा महिन्यांपूर्वी नव्हे आणि अठरा महिन्यांनंतर नव्हे, अशा मुदतीत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन तीच विनंती करावी. न्यायाधीशाने दोघांचे म्हणणे ऐकावे, योग्य ती चौकशी करावी आणि खात्री पटल्यावर हुकूमनामा द्यावा. कारणे विचारण्याची तरतूद नाही. कोणाचे चुकले, सासूने काय म्हटले, पगार कोठे जात होता, हे सारे न्यायालयाच्या दाराबाहेर राहते. या कायद्याची खरी देणगी हीच आहे असे म्हणावयास हरकत नाही, कारण दोषारोपाच्या खटल्यात कागदावर उतरलेली वाक्ये मुले मोठी झाल्यावरही दप्तरात तशीच असतात.

'विभक्त राहणे' या शब्दांनी मात्र प्रारंभी पुष्कळ गोंधळ माजविला. विभक्त म्हणजे निराळ्या घरात काय? कोलकात्यासारख्या शहरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. उत्तरेकडील जुन्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक भावाचा संसार. दक्षिणेकडे भाड्याची जागा एकदा सोडली तर तशी पुन्हा मिळण्याची आशा नाही. नोकरी नसलेली स्त्री माहेरी जागा नसल्यामुळे त्याच घरात राहते, स्वतःचा स्वयंपाक वेगळा करते, नवऱ्याशी बोलणे मुलांमार्फत होते. ही विभक्त म्हणावी की नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या एका निर्णयात याचे उत्तर दिले. विभक्त राहणे म्हणजे पतिपत्नी या नात्याने न राहणे. परिस्थितीमुळे ती एका छपराखाली असू शकतील, आणि वेगवेगळ्या गावी राहूनही नात्याने एकत्र असू शकतील. चूल वेगळी झाली की संसार वेगळा झाला, हे आपल्याकडील घराघराला ठाऊक असलेले सत्य कायद्याने या निर्णयाने मान्य केले.

प्रत्यक्ष व्यवहार समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेहाला भागात राहणारे एक जोडपे आहे. पत्नी खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकविते, पती बँकेत आहे, सात वर्षांची मुलगी आहे. दीड वर्षापासून पत्नी भावाकडे राहते. दोघांनाही खटला नको आहे. त्यांनी अर्ज कोठे करावा? विवाह जेथे झाला, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, किंवा आज पत्नी जेथे राहते, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात. पत्नीच्या निवासाचा विचार २००३ च्या दुरुस्तीने अर्जदार स्त्रियांसाठी कायद्यात आला. कोलकात्याची न्यायिक हद्द महानगरपालिकेच्या हद्दीशी जुळत नाही, हे बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकते. जुन्या शहराच्या भागासाठी १९५३ च्या कायद्याने सिटी सिव्हिल कोर्ट आहे, दक्षिणेकडील वस्त्या अलिपूरच्या जिल्हा न्यायालयाकडे जातात, आणि पूल ओलांडला की हावडा जिल्हा निराळा. १९८४ च्या कायद्यानुसार ज्या क्षेत्रासाठी कुटुंब न्यायालय स्थापन झाले असेल तेथे हे काम त्याच्याकडे असते.

परंतु न्यायालयात जाण्यापूर्वीचे काम अधिक महत्त्वाचे असते आणि जोडपी बहुधा तेच घाईने उरकतात. आपले भांडण मिटले आहे, आता कागद काय करायचे आहेत, असे त्यांना वाटते. वास्तविक सामोपचार टिकतो तो कागद नीट झाला तरच. आपल्या उदाहरणातील जोडप्याने लिहून ठेवावयाच्या गोष्टी अशा : मुलगी कोणाजवळ राहील, दुसऱ्याला तिची भेट केव्हा, पूजेच्या व उन्हाळ्याच्या सुटीत ती कोठे असेल, तिच्या शाळेचा खर्च कोण करील आणि महागाईबरोबर ती रक्कम कशी वाढेल, सदनिकेच्या कर्जाचे हप्ते कोण फेडील आणि मालकीपत्रावरील नाव केव्हा बदलेल, लॉकरमधील दागिन्यांची यादी. या शेवटच्या बाबीत स्त्रियांचा हमखास घोटाळा होतो. विवाहात वा नंतर तिला मिळालेले स्त्रीधन ही सर्वस्वी तिची मालमत्ता आहे, पती फार तर तिचा राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ते परत मिळणे ही तडजोडीतील सवलत नव्हे. म्हणून दागिने परत केल्याच्या मोबदल्यात पोटगी सोडण्याची अट कोणी घालीत असेल तर ती लबाडीच समजावी.

पोटगी एकरकमी घेण्याची प्रथा शहरांत पडली आहे. रकमेचे टप्पे पाडतात : काही भाग संयुक्त अर्जाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या प्रस्तावाच्या दिवशी न्यायालयासमक्ष डिमांड ड्राफ्टने. ही सावधगिरी दोन्ही बाजूंना उपयोगाची आहे. 'यापुढे काही मागणार नाही' असे वाक्य करारात सर्रास असते, पण त्याने स्त्रीची सर्व दारे बंद होतात असे समजू नये. परस्पर संमतीने विभक्त राहणाऱ्या पत्नीला निर्वाहखर्च मिळत नाही, ही फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद संमतीने घटस्फोट झालेल्या स्त्रीला लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून निर्वाहखर्चाची कलमे तीत पुढे चालू आहेत. दोघांमध्ये आधी छळाची फौजदारी तक्रार झाली असेल तर तिचाही निकाल या तडजोडीत लावावा लागतो. असा गुन्हा आपसांत मिटविण्याजोगा नसला तरी समेट झाल्यावर उच्च न्यायालय ती कार्यवाही रद्द करू शकते, हे २००३ पासून मान्य झाले आहे.

आता संमतीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या उदाहरणातील पत्नीने अर्जावर सही केली, आणि तीन महिन्यांनी तिला वाटले की आपली दिशाभूल झाली. तिला माघार घेता येईल काय? याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. एक मत असे की दिलेला शब्द एकतर्फी मागे घेता येत नाही. १९९१ च्या ज्या निर्णयाचा उल्लेख वर आला, त्यानेच हा वादही मिटविला : संमती हुकूमनाम्याच्या क्षणापर्यंत टिकून असली पाहिजे, आणि तोवर दोघांपैकी कोणालाही ती मागे घेण्याचा अधिकार आहे. २००९ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडताना न्यायालयाने म्हटले की दुसऱ्या प्रस्तावाच्या वेळी एक पक्ष गैरहजर असेल, तर त्याच्या मौनावरून संमती गृहीत धरता येणार नाही. या नियमाचा दुरुपयोग होतो हे खरे आहे. रक्कम पदरात पडल्यावर किंवा वाढवून मिळावी म्हणून माघार घेणारे स्त्रीपुरुष दोन्ही असतात. तरीही नियम योग्यच म्हटला पाहिजे. सहीच्या वेळी खोलीत कोण कोण बसले होते, हे न्यायालयाला दिसत नाही.

सहा महिन्यांची मुदत ठेवण्यामागे हेतू हाच होता : राग निवावा, नातलगांचा गलबला शमावा, आणि मन बदलावयाचे असेल तर बदलावे. परंतु दहा वर्षे विभक्त असलेल्या जोडप्यालाही आणखी सहा महिने तिष्ठत ठेवणे निरर्थक होते. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत अपरिहार्य नसल्याचा निर्णय दिला. विभक्ततेचे एक वर्ष आणि हे सहा महिने असा एकूण काळ अर्जापूर्वीच उलटून गेला असेल, समेटाचे सर्व प्रयत्न निष्फळ झाले असतील, पोटगी व मुलांचा ताबा यांचा खराखुरा निर्णय लागला असेल आणि थांबण्याने केवळ यातना लांबणार असतील, तर न्यायालय ती माफ करू शकते. पुढे १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः ही मुदत बाजूला सारू शकते आणि विवाह पूर्णपणे मोडकळीस आला असेल तर एका पक्षाचा विरोध असतानाही तो विसर्जित करू शकते, असे सांगितले. हा अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा आहे. अलिपूरच्या वा हावड्याच्या न्यायाधीशाला तो नाही. वर्तमानपत्रांतील मथळ्यांवरून पुष्कळांचा तसा समज झालेला दिसतो, म्हणून हा खुलासा.

मुदत माफ होऊ लागल्यापासून न्यायाधीशाच्या चौकशीला अधिक वजन आले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये संगनमताची जुनी मनाई अजून आहे आणि तिच्याच शेजारी १९७६ मध्ये घातलेले एक उपकलमही आहे : परस्पर संमतीच्या अर्जात ती संमती बळजबरी, फसवणूक किंवा गैरवाजवी दडपण यांनी मिळविलेली नाही, याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी. काळजीपूर्वक काम करणारा न्यायाधीश पतिपत्नींना वेगवेगळे विचारतो, वकिलांना बाहेर थांबवितो, कराराचा अर्थ त्यांच्या भाषेत समजावतो. जेथे यादीवर ढीगभर प्रकरणे असतात तेथे ही चौकशी दोन प्रश्नांत आटोपते. कुटुंब न्यायालयाने उभय पक्षांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या दोन प्रश्नांवर किती अवलंबून आहे ते कळते.

या वाटेवर साहाय्य कोणाचे मिळते? कुटुंब न्यायालयाला समुपदेशक जोडलेले असतात. समेटाचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि पक्षकारांची इच्छा असेल तर कामकाज बंद दाराआड चालते. तेथे वकिलामार्फतच बोलले पाहिजे असे बंधन नाही. वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे पाठवावेत, शक्यतो खटल्याआधीच, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिले. वकील हवा पण फी परवडत नाही, अशी अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्री विनामूल्य साहाय्यास पात्र आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते. दोघांचा मिळून एकच वकील असण्याची रीतही आढळते. खर्च वाचतो, पण पत्नीच्या बाजूने करार वाचणारा कोणी उरत नाही. निदान सहीपूर्वी एकदा तिने तो विधी सेवा केंद्रातील वकिलाकडून वाचून घ्यावा हे बरे.

ज्यांना विवाह मोडावयाचा नाही, पण एकत्रही राहवत नाही, अशांसाठी कलम १० खालील न्यायिक पृथक्करणाचा मार्ग आहे. त्यात विवाह कायम राहतो, सहवासाचे बंधन सुटते, आणि पुढील एका वर्षात सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर कोणीही एक घटस्फोट मागू शकतो. हा मार्ग एकत्र अर्जाचा नव्हे, दोषारोपाचाच. म्हणून सामोपचाराने वेगळे होणारे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

राहता राहिली मुलगी. तिच्याविषयी आईबापांनी केलेला करार न्यायालय विचारात घेते, पण त्याने बांधले जात नाही. तिचे हित हा एकच निकष. कलम २६ नुसार ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश घटस्फोटानंतरही बदलता येतात. आई दुसऱ्या गावी नोकरीस गेली, बापाने दुसरा विवाह केला, मुलगी बारा वर्षांची होऊन स्वतःचे म्हणणे सांगू लागली, तर अर्ज पुन्हा करता येतो आणि न्यायाधीश तिला आपल्या दालनात बोलावून तिच्याशी एकटीशी बोलू शकतो.